सोडलेल्या पुस्तकांची वही

सर वर्गात फुटाणे खायचे. चष्म्याच्या जुन्या डबीत मावतील तेवढेच घेऊन यायचे. कुणी उतारा वाचायला उभं राहिलं की डबी उघडायची, खिडकीला पाठ टेकायची आणि एकेक दाणा तोंडात टाकायचा. पहिल्या दिवशी मला हे फार असभ्य वाटलं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की वाचणारा मुलगा सरांच्या डोळ्यांकडे बघतच नाहीये, जबड्याकडे बघतोय. वाक्य चांगलं असलं की सरांचं चावणं थांबायचं. बस्स. वा नाही, शाबास नाही. पुढचं वाक्य सुमार निघालं की पुन्हा कुडुम कुडुम सुरू. मला नोंदी ठेवायची सवय आहे, म्हणून सांगू शकते: पहिल्या महिन्यात सरांचा जबडा चार वेळा थांबला. त्यातल्या एका वेळी दाणा दाढेत अडकला होता.

मी पांढरकवड्याला सरकारी दवाखान्यात औषधांचं भांडार सांभाळते. कोणत्या गोळ्या किती उरल्या, कशाची मुदत कधी संपते, हे मला वही न उघडता सांगता येतं. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, घर रिकामं झालं, तेव्हा चव्वेचाळिसाव्या वर्षी मी एम.ए. मराठीला नाव घातलं. तास सकाळी सात ते साडेनऊ, ड्यूटी दहाला. जमत होतं. वर्गात आम्ही बावीस जण. मुलं मला काकू म्हणायची. दोन आठवड्यांत नोट्स, वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप, झेरॉक्स, सगळं माझ्याकडे आलं. न मागता आलं असं लिहिणार होते, पण खरं म्हणजे मीच घेतलं.

सर तासिका तत्त्वावर होते, म्हणजे दरवर्षी नव्याने बोलावणं यायचं. पन्नाशी उलटली होती तरी कायम झाले नव्हते. त्याबद्दल बोलायचे नाहीत. बोलायचे ते वडिलांबद्दल. वडील जिनिंगवर कापसाची प्रत ठरवायचे. गाडी आली की वर दिसणाऱ्या कापसाकडे ते बघतसुद्धा नसत. कोपरापर्यंत हात आत घालायचे, मधला कापूस ओढून काढायचे आणि बोटांत धरून धागा तपासायचे. सर पुस्तकाचं तेच करायचे. नवं पुस्तक हातात आलं की मलपृष्ठ नाही, प्रस्तावना नाही, पहिलं पान नाही. थेट मध्यावर उघडायचे आणि उभ्याउभ्या दोन पानं वाचायचे. “पहिलं पान लेखक पाहुणे येणार म्हणून झाडून ठेवतो,” असं म्हणायचे. “मला त्याची मोरी बघायची आहे.”

काही शब्दांना वर्गात बंदी होती. सखोल, हृदयस्पर्शी, दाहक, वास्तवाचे विदारक चित्रण. यातला एखादा कुणाच्या तोंडून निघाला की सर एवढंच म्हणायचे, “दाखव.” मग त्या मुलाने पान काढून बोट ठेवायचं. आमच्या वर्गात एक मुलगा होता, त्याच्या चार कविता दिवाळी अंकांत आल्या होत्या, म्हणून सगळे त्याला कवीच म्हणायचे. तो एकदा म्हणाला, “सर, या कादंबरीतली वेदना दाहक आहे.”

“दाखव.”

“म्हणजे... एकूणच आहे सर.”

“एकूणच म्हणजे कोणत्या पानावर?”

कवी पानं उलटत राहिला. सर फुटाणे खात राहिले. साडेनऊ वाजले, मी ड्यूटीवर निघून गेले, तरी म्हणे कवी पानंच उलटत होता.

सरांचं गाव वडकीच्या बाजूला. पण बसने क्वचित यायचे. हायवेवर उभं राहून ट्रकला हात दाखवायचे. एक तर हैदराबादकडे जाणारे ट्रक कुठेही थांबतात आणि दुसरं म्हणजे ड्रायव्हर ऐकून घेतो. सर त्याला वाटेत एखाद्या कादंबरीची गोष्ट सांगायचे. ड्रायव्हरने ‘फिर?’ किंवा ‘मंग?’ विचारलं की ती जागा लक्षात ठेवायची. त्याने गाणी लावली की तीही जागा लक्षात ठेवायची. वर्गात आल्यावर पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने खूण करायचे. कवीला हे अजिबात पसंत नव्हतं.

“म्हणजे आता ट्रकवाल्यांच्या आवडीवर वाङ्मयाची प्रत ठरवायची का सर?”

“ठरवायची कुठं म्हणतो मी? तुम्ही सगळे एम.ए. करून राह्यले. तुम्हाला कंटाळा आला तरी तुम्ही सांगत नाही. त्याला आला की तो गाणी लावते. मले तेवढंच पाह्यजे.”

सर एरवी पुस्तकासारखी मराठी बोलायचे. वऱ्हाडीवर आले की समजायचं, आता मनापासून बोलताहेत.

आता वहीबद्दल. सगळ्या कॉलेजांत कुणी कोणतं पुस्तक नेलं याचं रजिस्टर असतं. सरांनी रजिस्टर ठेवलं होतं ते अर्धवट सोडलेल्या पुस्तकांचं. लांबुळकी, लाल कापडी पाठीची वही. रकाने चार: पुस्तक, कोणत्या पानावर सोडलं, का सोडलं, दोष कोणाचा. शेवटच्या रकान्यात ‘पुस्तकाचा’ किंवा ‘माझा’ एवढंच लिहायचं. ‘कंटाळवाणं’ हे कारण चालत नसे. “कंटाळा हा निकाल झाला,” सर म्हणायचे. “साक्षीपुरावा लिहा.” वहीत सगळ्यात जास्त नोंदी सरांच्याच होत्या. एक मला पाठ आहे: “पान ११. नायिका मेली हे कळलं, पण ती जिवंत असल्याचं त्याआधी कळलं नव्हतं. दोष पुस्तकाचा.” त्याच्या खालीच दुसरी: “पान ११०. मी बहिणीशी भांडून वाचायला बसलो होतो. दोष माझा.”

वही सांभाळायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी पट्टी घेऊन पाचवा रकाना आखला: पुन्हा सुरू केल्याची तारीख. सरांनी तो बराच वेळ निरखला. “काकू,” ते म्हणाले (वर्गाचं ऐकून तेही काकूच म्हणायचे), “तुम्ही फार आशावादी आहात. राहू द्या.” तो रकाना पहिलं वर्षभर कोरा राहिला. माझ्या नावाची तर वहीत एकही नोंद नव्हती. मी पुस्तकं सोडत नसे. घेतलं की संपवायचं, मुद्दे काढायचे, यादीत खूण करायची. याचा मला अभिमान होता.

तिसऱ्या सत्रात समीक्षेच्या पेपरसाठी एक जुनं पुस्तक लागलं. बाजारात मिळत नव्हतं. सरांकडची प्रत समासातल्या खुणांनी भरलेली. लायब्ररीत एकच प्रत, मूळ कव्हर गेलेली, खाकी पुठ्ठ्यात बांधलेली. मी ती घेऊन चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. सोबत त्याच विषयावरचं दुसरं एक पुस्तक होतं, त्याचं फक्त परिशिष्ट मला हवं होतं. तेही तेवढंच जुनं, तसंच खाकी. बावीस संच सांगितले, स्पायरल करायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी उचलून वर्गात वाटले. संच मोजून घेतले, पानं मोजली नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी पुस्तक संपवून चौदा मुद्दे काढले आणि ग्रुपवर टाकले. मुद्दा क्रमांक नऊ असा होता: “ग्रंथाच्या पूर्वार्धात रसिकता सरावाने घडते अशी भूमिका असून उत्तरार्धात ती उपजतच असते असे प्रतिपादन येते. हा अंतर्गत तणाव हेच या ग्रंथाचे वैचारिक वैभव होय.” बावीसपैकी सतरा जणांनी अंगठा दाखवला. कवीने लिहिलं, “काकू, नववा मुद्दा जबरदस्त.”

अंगठा न दाखवणाऱ्यांत शारदा होती. शारदा बंजारा तांड्यावरून यायची, पहिल्या बसने. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, लग्न झालेली, नवरा ट्रॅक्टर चालवायचा. घरी गोरबोली, गावात वऱ्हाडी, वर्गात गप्प. वाचायला उभी राहिली की प्रत्येक ओळीखालून बोट न्यायची. कवी आणि त्याच्या शेजारचे दोघे त्यावर हसायचे. एम.ए.ला येऊन बोट धरून वाचतात का?

एका बुधवारी तिने तास संपल्यावर माझ्याकडून वही मागून घेतली, उभ्यानेच काहीतरी लिहिलं आणि परत दिली. गुरुवारी आली नाही. शुक्रवारीही नाही. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख सोमवार होती. राहिलेल्यांची यादी माझ्याकडेच होती, त्यात आता एकच नाव उरलं होतं. मी फोन लावला. “नाही भरत काकू यंदा,” म्हणाली आणि ठेवून दिला. तेव्हा मी वही उघडली.

“पान ३१. तिसाव्या पानावर हा माणूस जे बोलला ते एकतिसाव्यावर विसरला. तीन वेळा वाचलं. काकूंचे मुद्दे वाचले. सगळ्यांना समजलं. दोष माझा.”

मी ती नोंद शनिवारी कवीला दाखवली, ही माझी दुसरी चूक. त्याने मोठ्याने वाचली. पाठीमागून कुणीतरी म्हणालं, “तिले सांगा, हे समीक्षेचं पुस्तक हाय, पाककृतीचं नाही.” वर्ग हसला. तेवढ्यात सर आत आले, त्यांनी वही घेतली, वाचली आणि डबी उघडता उघडता थांबले.

“हे पुस्तक पूर्ण वाचलेल्यांनी हात वर करा.”

एकोणीस हात. सगळ्यात उंच माझा.

“काकू, तिसाव्या पानावरचं शेवटचं वाक्य वाचा. मोठ्याने.”

मी वाचलं. “आणि म्हणूनच वाचकाने आधी...” पान संपलं.

“उलटा.”

उलटलं. “...होती असे मात्र म्हणता येणार नाही.”

“पुन्हा.”

“आणि म्हणूनच वाचकाने आधी होती असे मात्र म्हणता येणार नाही.”

कुणी हसलं नाही. सरांनी पिशवीतून स्वतःची प्रत काढली, माझा संच घेतला, दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी उघडले आणि पानं चाळली. तोपर्यंत मला सगळं कळलं होतं. झेरॉक्सवाल्याकडे त्या दिवशी लाइट गेली होती, हे मला संच उचलताना त्याने सांगितलं होतं. तीस पानं झाल्यावर लाइट गेली, आल्यावर त्याने खाकी पुस्तक उचललं आणि एकतिसाव्या पानापासून पुढे काढत गेला. दुसरं खाकी पुस्तक. पानांवर नुसते आकडे, पुस्तकाचं नाव कुठेच नाही. दोन वेगवेगळ्या माणसांची दोन उलटी मतं एकाच स्पायरलमध्ये बसली होती, आणि मी त्याला वैचारिक वैभव म्हटलं होतं.

मला वाटलं सर आता सोलून काढतील. त्यांनी खुर्ची ओढली आणि प्रथमच वर्गात खाली बसले. चेहरा असा, जसा शेतात भलत्याच जातीचं रोप उगवलेलं दिसल्यावर शेतकऱ्याचा होतो.

“मला एक सांगा,” ते म्हणाले. “तुम्ही या जागेवरून पुढे गेलात कसे? टोमणा नाही मारत. मले खरंच समजून घ्यायचं हाय. डोळे या ओळीवरून गेले. मग डोक्यात काय झालं?”

मग कवी, आणि हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवं, उभा राहून म्हणाला, “मी वाचलंच नव्हतं सर. काकूंचे मुद्दे वाचले.”

“बरं. काकू?”

“मी वाचलं होतं सर,” मी म्हणाले. “मला तिथे अडखळल्यासारखं झालं होतं. पण एवढं जुनं, अवघड पुस्तक. मला वाटलं, हे असंच असणार. थांबले असते तर यादीतलं काम अडलं असतं.”

सरांनी मान हलवली. आपलं नेमकं हेच चुकतं असं काही ते म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, “म्हणजे वर्गात हे पुस्तक एकीनंच वाचलं. आन् ती घरी बसली.”

रविवारी सकाळी मी स्कूटी काढली. सर मागे बसले, मांडीवर वही आणि पुस्तक घट्ट धरून. फोनवर सांगून भागलं असतं असं मी आदल्या दिवशी म्हणाले, तेव्हा सर म्हणाले होते, “फोन तिनं ठेवला ना? मंग आता पाय चालवा.”

शारदा घरी नव्हती. सासूने हातानेच रान दाखवलं आणि आमच्यामागून आली. कापूस वेचणीचे दिवस. शारदा कमरेला कापसाची ओटी बांधून तासात, दोन ओळींच्या मध्ये होती. आम्हाला बघून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर आली, पण ओटी सोडली नाही.

“अवो सर, तुम्ही कायले आले इतक्या लांब? मी सांगतलं ना काकूले. माझ्या डोक्याचं काम नाही हे.”

“काकूंना बोलायचं आहे,” सर म्हणाले आणि चार पावलं लांब जाऊन बाभळीखाली उभे राहिले. डबी काढली.

मी वाटेत तीन वाक्यं जुळवली होती. एकही कामाला आलं नाही. “शारदा, संच मी काढले. त्यात दोन पुस्तकं मिसळली. एकतिसाव्या पानापासून दुसरंच पुस्तक आहे. तुझं बरोबर होतं. चूक माझी.”

मला वाटलं ती हसेल, सुटल्यासारखं वाटेल तिला. ती हसली नाही.

“मंग तुम्ही चौदा मुद्दे कसे काहाडले?”

मी स्कूटीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

“काहून वो काकू? मी रातभर तुमचा नऊ नंबर वाचत होती. म्हटलं, एका बाईमानसाले दवाखाना सांभाळून समजते, आन् मले तीनदा वाचून समजत नाही. नवऱ्याले म्हटलं, जाऊ दे, मी आपली कापूस वेचतो. त्यानं एका शब्दानं इचारलं नाही काहून. तुम्हाले समजलं नव्हतं तर तसं लिहाचं ना. एवढी मोठी वही हाय तुमच्यापाशी!”

“हो,” मी म्हणाले.

ती ओटीतला कापूस उगाच दाबत राहिली. सासू मागून काहीतरी ओरडली, तिने गोरबोलीत काहीतरी उत्तर दिलं. मग माझ्याकडे न बघता, सरांकडे वळून तिने विचारलं:

“मंग तो पहिला माणूस एकतिसाव्यावर खरा काय म्हणते, सर? वाचकानं आधी काय करावं म्हणते?”

मी सरांकडे पाहिलं. जबडा थांबला होता. हातातला दाणा तसाच हातात.

त्यांनी पुस्तक पुढे केलं. तिने हात लुगड्याला पुसले, पान काढलं आणि ओळीखालून बोट नेत मोठ्याने वाचलं. “आणि म्हणूनच वाचकाने आधी आपल्या कंटाळ्याची कारणे शोधली पाहिजेत.”

वहीची कल्पना सरांना कुठून सुचली, ते मला त्या धुऱ्यावर कळलं.

“हे कसं सरळ हाय,” शारदा म्हणाली. पुढची दोन पानं तिने मनात वाचली. आम्ही दोघं उन्हात उभे. मग पुस्तक बंद केलं. ओटीत ठेवलं तर कापसाचं काही लागेल म्हणून काखेत धरलं.

“फॉर्मची तारीख कवाची हाय काकू?”

“उद्याची. मी भरून आणलाय. फक्त सही.”

“भरून आनला?” तिने सरांकडे पाहून मान झटकली. “पाहा सर. हे पुन्हा तेच.”

सर हसले. सरांना एवढं मोठ्याने हसताना मी त्याआधी किंवा नंतर ऐकलं नाही. सही तिने सरांच्या वहीवर कागद ठेवून केली. नावाचं स्पेलिंग तपासलं, जन्मतारीख तपासली, विषयांचे चारही कोड तपासले, आणि मगच केली.

परतताना मी सरांना विचारलं, वहीत माझी नोंद करू का. ते म्हणाले, “वही तुमच्याचकडे असते.” घरी येऊन केली. “पान ३१. वाचत होते, पण थांबले नाही. दोष माझा.” चारही रकाने भरले आणि बारीकसं पाचव्यात लिहिलं, आजपासून. यथावकाश बावीस नवे संच काढले, या वेळी झेरॉक्सवाल्याच्या शेजारी स्टूल टाकून, पान न् पान मोजत. ते मी सगळं वाचलं. खरं सांगायचं तर आधीचं मिश्रण जास्त रंगतदार होतं.

सर आता पांढरकवड्यात नाहीत. पुढच्या वर्षी तास कमी झाले, तेव्हा ते भंडाऱ्याकडच्या एका कॉलेजात गेले. कसे गेले विचाराल तर ट्रकनेच. वही जाताना मागितली नाही. नवी सुरू केली असणार.

त्या धुऱ्यावरच्या रविवारनंतर तीन आठवड्यांनी शारदाने सरांची प्रत परत आणली. ती टेबलावर ठेवली, माझ्याकडून वही मागितली आणि उभ्यानेच लिहिलं. लिहून झाल्यावर वही मला न देता सरांच्या पुढ्यात ठेवली. कवी पुढे वाकून बघायला लागला. सरांच्या तोंडात फुटाणे होते, डबी अर्धी रिकामी झाली होती. त्यांनी वाचलं. चावणं थांबलं. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली.

“पान ५८. सतराव्या पानावर जे सांगितलं तेच इथे पुन्हा सांगतो, फक्त शब्द जड केले. दोनदा पडताळून पाहिलं. पुस्तक एकच आहे. दोष पुस्तकाचा.”